सांगलीत जुन्या कॉम्प्युटरांचा क्लब सुरू करताना: जागा, टेबल आणि बटण दाबण्याआधीची कामं

सांगली-मिरज भागात जुना कॉम्प्युटर शोधायला फार हिंडावं लागत नाही. पतसंस्थेचा माळा, मार्केट यार्डातल्या अडत दुकानामागची खोली, शाळेची कुलूप लावलेली लॅब, डीटीपीची कामं घेणारा छापखाना, साखर कारखान्याचं स्टोअर अशा ठिकाणी विचारलं की ३८६, ४८६ किंवा पहिल्या पेंटियम प्रोसेसरचा डबा निघतोच. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला, त्यात बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर आले होते. एखाद्या जुन्या शाळेत तोही सापडू शकतो. अडचण मिळण्याची नाही. मिळाल्यावर पहिल्या तासात जे केलं जातं, त्यात मशीन जातं आणि त्यातला मजकूरही जातो.

म्हणून क्लबचा पाया दोन नियमांवर घाला: वीज सगळ्यात शेवटी, मजकूर सगळ्यात आधी. तसलं ४८६ पुढेमागे दुसरं मिळेल. पण त्यातल्या डिस्कवरचं दिवाळी अंकाचं पान किंवा कारखान्याचं ऊस-नोंदीचं रजिस्टर दुसरीकडे कुठेही नसतं.

माणसं आणि जागा

सुरुवातीला पाच-सहा जण पुरेत, पण कामं वेगवेगळी येणारी हवीत. एक पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुरुस्त केलेला मेकॅनिक, एक पेजमेकर या पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला जुना डीटीपी ऑपरेटर, एक नोंदी नीट ठेवणारा माणूस आणि बाकी शिकायला तयार असलेले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. यांतला टीव्ही मेकॅनिक सगळ्यात आधी गाठा. नवं सॉफ्टवेअर लिहिणारे दहा जण भेटतील, पण २३० व्होल्टचा पॉवर सप्लाय न घाबरता आणि न धडपडता उघडणारा माणूस दुर्मीळ झालाय.

जागा घेताना पुराचा विचार आधी. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. गावभागात तळमजल्याची खोली फुकट मिळत असली तरी घेऊ नका. विश्रामबाग किंवा कुपवाडच्या बाजूला वरच्या मजल्यावर १२ बाय १५ फुटांची खोली बघा. खालच्या फडताळात काहीही ठेवायचं नाही, सामान जमिनीपासून किमान दीड फूट वर.

खोलीचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटरवर दोन-तीन व्होल्टच्या वर दिसत असेल तर आधी ते दुरुस्त करा. टेबलाला वेगळी लाइन, ६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की तुटणारा) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की तुटणारा). एकच मोठा लाल स्विच असा लावा की टेबलाशी बसलेल्या कुणाचाही हात तिथे पोचेल. दोन किलोचा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक दाराजवळ टांगा. पावडरचा नको, त्याची पूड बोर्डात शिरली की निघत नाही.

संस्था नोंदवण्याची घाई नको. वर्षभर भेटी नियमित झाल्या आणि देणगी घ्यायची वेळ आली, तर किमान सात जणांनी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी. तोवर एक वही, दोन सह्यांचं बँक खातं आणि दर महिन्याची ठरलेली वर्गणी एवढ्यावर भागतं.

सामान घेताना कागद करा

शाळा किंवा सरकारी कार्यालयातलं मशीन तोंडी परवानगीवर उचलू नका. ते डेडस्टॉक रजिस्टरवर असतं. निर्लेखनाचा, म्हणजे रजिस्टरमधून वस्तू कमी करण्याचा, ठराव झाल्याशिवाय मुख्याध्यापकांनाही ते देता येत नाही आणि पुढे ऑडिटमध्ये त्यांनाच त्रास होतो. ठरावाची प्रत घ्या, मगच टेंपो बोलवा.

खाजगी मालकाकडून घेताना साध्या कागदावर तीनपैकी एक पर्याय लिहून घ्यावा: कायमची भेट, ठेव (मागितल्यावर परत), किंवा फक्त मजकूर काढून मशीन परत. पतसंस्था आणि दवाखान्यांच्या डिस्कवर लोकांची नावं, कर्जं, आजार असतात. त्यासाठी एक जादा ओळ हवी, की काढलेली प्रत फक्त मालकाला मिळेल आणि क्लबकडची प्रत त्याने सांगितलं की पुसली जाईल. ही ओळ नसेल तर जबाबदार माणूस डिस्क देणारच नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

प्रत्येक मशीनला नंबर, आणि त्या नंबरचं एक कार्ड. कोणाकडून आलं, कुठे ठेवलेलं होतं, पुराचं पाणी लागलं होतं का, शेवटचं कधी चालू होतं, सोबत कुठली कार्डं, केबल, फ्लॉपी आणि लॉक आलं. यातलं लॉक विसरू नका. मराठी फॉन्टच्या बऱ्याच सॉफ्टवेअरला मागच्या पॅरलल पोर्टला लावायचं छोटं लॉक असायचं. ते भंगारात गेलं की सॉफ्टवेअर उघडत नाही.

टेबलावर काय हवं

मल्टिमीटर, तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन, सोल्डर विक, लिटरभर आयसोप्रोपिल अल्कोहोल (मोबाइल रिपेअरवाले आयपीए म्हणून देतात, ९९ टक्क्यांचंच घ्या), पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीच्या दुकानात मिळतं), पांढरं व्हिनेगर, जुने टूथब्रश, लिंट न सुटणारं कापड, मनगटाला बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा आणि ४.७ ओहम, १० वॅटचे दोन सिमेंट रेझिस्टर. कपॅसिटर आणि जुने आयसी सांगलीत मिळाले नाहीत तर पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. यादी करून एकदाच जा.

आणि सिरीज बोर्ड, म्हणजे आत शॉर्ट असला तरी मध्ये बल्ब असल्याने मशीनला पूर्ण करंट न जाऊ देणारी जोडणी. कुठलाही इलेक्ट्रिशियन तासाभरात करून देईल: फेज, स्विच, १०० वॅटचा तारेचा बल्ब, मग सॉकेट. एलईडी बल्ब चालत नाही. तारेचा बल्ब मिळेनासा झालाय, दिसला की चार घेऊन ठेवा.

पहिली तपासणी

मशीन टेबलावर आलं की झाकण काढा आणि काही हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. कुठली रिबन केबल कुठे, लाल कड कुठल्या बाजूला, जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) कसे आहेत, सगळं दिसलं पाहिजे.

मग बॅटरी. २८६ ते ४८६ च्या बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ एक नळीसारखी बॅटरी असते, साधारण निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली, ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम. तीस वर्षांत ती फुटतेच. आतला अल्कलीचा द्रव तांब्याच्या रेघा खात जातो आणि तिथे हिरवट-निळा थर दिसतो. मशीन चालू होवो न होवो, ती आजच कापून काढा. डाग पडलेल्या जागी व्हिनेगरमध्ये बुडवलेला ब्रश फिरवा. अल्कली मरताना बुडबुडे येऊ शकतात. पाच मिनिटांनी डिस्टिल्ड वॉटरने धुवा, वर आयपीए, मग एक पूर्ण दिवस वाळवा. व्हिनेगर धुतलं नाही तर तेही तांबं खातं. मग भिंगाखाली बघून प्रत्येक रेघेची कंटिन्युइटी घ्या, म्हणजे ती अखंड आहे का ते मल्टिमीटरने बघा. कीबोर्ड न चालण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

त्याच जागी साधी लिथियम बॅटरी सोल्डर करू नका. बोर्ड त्या जागेला चार्जिंग देतो आणि चार्ज न होणारी लिथियम फुटू शकते. बऱ्याच बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचं वेगळं कनेक्टर आणि शेजारी जंपर असतो, तिथे जोडा आणि ती डब्याला चिकटवून बोर्डापासून लांब ठेवा. काही बोर्डांवर बॅटरीऐवजी डॅलसचा काळा जाड चौकोनी आयसी असतो. तो गळत नाही, फक्त सेटिंग विसरतो.

पुढे पॉवर सप्लाय. तो बोर्डापासून सोडवून एकटाच तपासायचा. त्याआधी एक धोका: एटी डब्यांत (२८६ ते पहिल्या पेंटियमपर्यंतची मशीनं) पुढच्या बटणापर्यंत २३० व्होल्टच्याच जाड तारा येतात. नंतरच्या एटीएक्ससारखी ती पाच व्होल्टची कळ नव्हे. त्या तारांवरचं रबर निघालेलं असेल तर थांबा. मागचा ११५/२३० चा खटका २३० वर आहे ना, तेही बघा.

मग क्रम असा:

१. सिरीज बोर्डवर लावा. बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक. भगभगीत जळतच राहिला तर आत शॉर्ट आहे, लाल स्विच बंद.

२. सप्लायला भार द्या. रिकामा एटी सप्लाय सुरूच होत नाही किंवा चुकीचे आकडे दाखवतो. हार्डडिस्कला जाणाऱ्या चार पिनांच्या प्लगमधल्या लाल आणि काळ्या तारेत ४.७ ओहमचा रेझिस्टर लावला की सुमारे एक अँपिअर जातो. पुरेसं वाटलं नाही तर दुसरा समांतर लावा. रेझिस्टर चांगलाच तापतो, फरशीच्या तुकड्यावर ठेवा.

३. आता थेट मेन्सवर. सिरीज बल्बवर सप्लाय नुसता टिकटिक करू शकतो, तेव्हा आकडे तिथे घ्यायचे नाहीत. लाल तारेवर ४.७५ ते ५.२५, पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. पाच मिनिटं बघा. आकडा डोलत असेल तर कपॅसिटर गेलेत.

सप्लाय उघडायचा असेल तर प्लग काढून आधी मोठ्या कपॅसिटरवरचा व्होल्टेज मोजा, तीनशेच्या वर सापडू शकतो. हे काम मेकॅनिकचंच.

बीबीसी मायक्रो आला तर प्लग लावूच नका. त्याच्या सप्लायमध्ये रिफा कंपनीचे पारदर्शक पिवळसर वेष्टनाचे मेन्स कपॅसिटर असतात. आतल्या कागदाला वर्षानुवर्षं दमट हवा लागून वेष्टनाला तडे जातात, आणि वीज मिळाली की काही मिनिटांत दाट, घाणेरडा धूर निघतो. आधी दोन्ही बदला. नवे घेताना एक्स-२ वर्गाचे, तेवढ्याच क्षमतेचे घ्या, साधे सिरॅमिक लावायचे नाहीत.

बोर्ड जोडण्याआधी त्यावरच्या सप्लायच्या पिनांवर १२ व्होल्ट आणि ग्राउंडमधला रोध मोजा. चार-दोन ओहमच आला तर एखादा टँटलम, म्हणजे थेंबाच्या आकाराचा पिवळा किंवा निळा कपॅसिटर, शॉर्ट झालाय. एकेकाचा पाय उचलत शोधा आणि २५ व्होल्टचा लावा. १२ व्होल्टच्या लाइनवर १६ चा टँटलम फार कमी पडतो आणि तेच फुटायचं कारण आहे. पी-८ आणि पी-९ हे दोन प्लग लावताना काळ्या तारा मधोमध शेजारी आल्या पाहिजेत. उलटं लावलं तर बोर्ड गेला.

मॉनिटर आणि कीबोर्डबद्दल थोडक्यात. नऊ पिनांचं व्हिडिओ सॉकेट दिसलं म्हणून कुठलाही नऊ पिनांचा मॉनिटर लावू नका: हर्क्युलस या जुन्या डिस्प्ले कार्डाची आडवी फ्रिक्वेन्सी सुमारे १८.४ किलोहर्ट्झ, सीजीए कार्डाची १५.७, आणि चुकीच्या जोडीत मॉनिटरची आडवी सर्किट जळू शकते. खात्री नसेल तर आयएसए (बोर्डावरच्या जुन्या लांब स्लॉटमध्ये बसणारं) व्हीजीए कार्ड लावून १५ पिनांचा साधा एलसीडी वापरा. एक्सटी (२८६ च्या आधीचं मशीन) आणि एटी कीबोर्डचा प्लग सारखाच पण बोली वेगळी. खाली एक्स-ए असा खटका आहे का बघा. पिक्चर ट्यूबच्या आत हात घालणं नवख्याचं काम नाही, बंद केल्यावरही हजारो व्होल्ट टिकून राहू शकतात.

पुराचं पाणी लागलेलं सामान

वाळलेलं दिसतंय म्हणून चालू करू नका. गाळ आयसीच्या पायांखाली बसलेला असतो आणि हवेतली ओल ओढून घेतो. बोर्ड सोडवून नळाच्या पाण्याखाली मऊ ब्रशने गाळ काढा, मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयपीए, आणि पंख्याखाली किमान दोन दिवस उभा वाळवा. उन्हात नको. मे महिन्यातलं इथलं ऊन प्लॅस्टिकचं कव्हर वाकवतं. ट्रान्सफॉर्मर, मॉनिटर आणि पॉवर सप्लाय भिजले असतील तर ते फक्त सुट्या भागांसाठी ठेवणंच शहाणपणाचं.

ताजी भिजलेली हार्डडिस्क वाळवायची नाही. तिला श्वासाचं भोक असतं, तिथून गाळ आत गेलेला असतो आणि वाळला की तबकडीवर घट्ट बसतो. तशीच ओली, हवाबंद पिशवीत घालून डेटा रिकव्हरीच्या लॅबकडे पाठवा. ताज्या भिजलेल्या फ्लॉप्याही स्वच्छ डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून मग एकेक उघडा.

फ्लॉपी आणि हार्डडिस्क

आपल्याकडे फ्लॉपीचा मोठा शत्रू बुरशी. चार महिन्यांचा पावसाळा आणि प्लॅस्टिकच्या डब्यात कोंडलेली ओल. ड्राइव्हमध्ये घालण्याआधी प्रत्येक फ्लॉपी प्रकाशात धरून आतली तबकडी हाताने फिरवा. पांढुरके ठिपके किंवा जाळं दिसलं तर ती बाजूला. तशीच घातली तर बुरशी हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडली जाते. सव्वापाच इंचीच्या वेष्टनाची वरची कड ब्लेडने उघडून तबकडी बाहेर घ्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून हळू धुवा, स्वच्छ पाण्याने खळबळून लिंटरहित कापडावर वाळवा आणि दुसऱ्या रिकाम्या वेष्टनात घालून वाचा. तबकडीवर आरपार दिसणारी गोल रेघ असेल तर तिथला चुंबकीय थर निघालाय, तेवढा भाग गेला.

ड्राइव्हचे हेड आयपीएने पुसा, वरच्या हेडची काडी वाकवू नका. पहिली फ्लॉपी नेहमी टाकाऊ घालून बघा. लेखनबंदी आधी करा: सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीने झाका, साडेतीन इंचीचं भोक उघडं ठेवा. यूएसबीचा ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची वाचतो, तोही धड नसलेल्या फ्लॉपीवर लगेच हार मानतो. क्लबने ग्रीसवीझल हे छोटं कार्ड आणि एक खरा १.२ एमबीचा सव्वापाच इंची ड्राइव्ह घ्यावा. हे कार्ड फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं, मग मजकूर नंतर सावकाश उलगडता येतो. ३६० केबीची फ्लॉपी १.२ च्या ड्राइव्हवर वाचायला हरकत नाही, पण लिहू नका. त्याचं हेड अरुंद असल्याने नव्या रेघेच्या कडेला जुनी शिल्लक राहते आणि मूळ ३६० चा ड्राइव्ह दोन्ही एकत्र वाचून गोंधळतो.

हार्डडिस्क सुरू करायची ती प्रत काढण्याच्या तयारीनेच. 'आधी चालते का बघू' यात डिस्कचं शेवटचं फिरणं खर्ची पडतं. एमएफएम डिस्क (वेगळ्या कंट्रोलर कार्डावर चालणारी, आयडीईच्या आधीची) असेल, उदाहरणार्थ सीगेटची एसटी-२२५, तर तिची आणि कंट्रोलर कार्डाची जोडी तोडू नका. एका कार्डाने आखलेली डिस्क दुसरं कार्ड बहुधा वाचत नाही. बॅटरी गेल्याने सेटिंग पुसलं असेल तर या डिस्कचे आकडे ६१५ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर. आयबीएम एटीच्या यादीत हा टाइप २. सुरुवातीच्या, ५०० एमबीच्या आतल्या आयडीई (कंट्रोलर डिस्कवरच असलेल्या) डिस्का यूएसबी अडॅप्टरला बहुतेक दाद देत नाहीत. त्यासाठी खरा आयडीई पोर्ट असलेला एखादा पेंटियम-४ राखून ठेवा. त्यावर लिनक्स घालून डीडीरेस्क्यू या खराब डिस्कवरून प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने प्रत घ्या: पहिल्या फेरीत जे सहज येईल ते, खराब जागा दुसऱ्या फेरीत. विंडोजला जोडली आणि 'डिस्क इनिशियलाइझ करू का' असं विचारलं तर नाही म्हणा.

मराठी मजकूर वाचण्याजोगा करणं

प्रत निघाली तरी फाइल उघडल्यावर बहुतेकांना कचरा दिसतो. तो दोन प्रकारचा असतो आणि आधी प्रकार ओळखायचा.

पहिला इस्कीचा, म्हणजे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या प्रमाण तक्त्याचा. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आयएसए स्लॉटमध्ये बसायचं आणि डॉसमधल्या वर्डस्टार (लेखनाचा प्रोग्रॅम) किंवा डीबेस (नोंदींचा प्रोग्रॅम) यांतच देवनागरी दिसायची. अक्षरं १६१ ते २५० या आकड्यांत साठवली जायची, प्रमाण म्हणून आयएस १३१९४:१९९१. 'क' म्हणजे १७९. कार्ड नसलेल्या डॉसवर १७९ ची उभी रेघ दिसते, विंडोजमध्ये छोटासा वर चढवलेला तीन. तेव्हा डीबेसच्या फाइलमध्ये चौकटींच्या रेघाच रेघा दिसल्या तर आनंद माना, ती बहुधा इस्की आहे आणि पूर्ण परत मिळेल. युनिकोडचा देवनागरी तक्ता इस्कीवरूनच रचला असल्याने आयसीयू या युनिकोड साधनांच्या संचातला यूकॉन्व्ह हा प्रोग्रॅम हे काम एका आज्ञेत करतो. मात्र डीबेसच्या रकान्यांची लांबी बाइटांत मोजलेली असते, म्हणून आधी रकाने सुटे करा, मग अक्षरं बदला. शेवटी 'दुसऱ्या', 'तऱ्हा' असे शब्द आणि हलन्त शब्द डोळ्यांनी तपासा, चूक राहिली तर तिथे राहते.

दुसरा प्रकार फॉन्टचा: श्रीलिपी, आकृती, आयएसएम. इथे साठवलेलं असतं अक्षर नव्हे, त्याचा आकार, आणि प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. 'किती' मध्ये पहिली वेलांटी 'क' च्या आधी साठवलेली असते, 'कर्म' मधला रफार 'म' च्या नंतर. म्हणून नुसतं आकड्याला अक्षर देऊन भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. जे कन्व्हर्टर हे करत नाही ते 'कर्म' चं 'कमर्' करून ठेवतं. चाचणीसाठी वेलांट्या आणि रफार भरपूर असलेली दोन पानं निवडा आणि छापील प्रतीशी ताडून बघा.

फॉन्टच्या फाइलींसाठी त्या डिस्कवरचे सगळे फॉन्ट, आवृत्तीसकट, प्रतीच्या सोबत ठेवा. एकाच नावाच्या फॉन्टचा तक्ता दोन आवृत्त्यांत बदललेला असू शकतो. पेजमेकरची पानं मूळ मशीनवरच, लॉक लावून उघडा, पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी प्रिंटरची भाषा) प्रिंटर ड्रायव्हरने फाइलमध्ये छापा आणि घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ करा. पानाची मांडणी पीडीएफमध्ये राहते, शोधता येणारा मजकूर युनिकोडमध्ये वेगळा निघतो. दोन्ही हवेत. इथेच तो जुना डीटीपी ऑपरेटर लागतो, कुठल्या वर्षी कुठला फॉन्ट वापरात होता ते त्याला पान बघून कळतं.

मालकाला देताना एका पेनड्राइव्हवर तीन फोल्डर करा: डिस्कची अख्खी प्रत, त्यातल्या मूळ फाइली, आणि युनिकोड व पीडीएफ. प्रतीचा शा-२५६ आकडा काढून मशीनच्या कार्डावर लिहा, म्हणजे दहा वर्षांनी फाइल बदलली का ते तपासता येईल. क्लबकडची प्रत ठेवायची परवानगी असेल तर दोन डिस्कांवर ठेवा, त्यातली एक सांगलीबाहेर, कराड किंवा साताऱ्याच्या एखाद्या सभासदाच्या घरी, वरच्या मजल्यावर.